खेळ कोणाचा, कमाई कोणाची?

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात एका लहानशा बातमीने जगभरच्या वृत्तपत्रांत मोठी जागा मिळविली. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील एका तेरा वर्षांच्या मुलाने ‘टेट्रिस’ हा संगणकीय खेळ निन्टेन्डो कंपनीच्या जुन्या, दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या यंत्रावर खेळता खेळता अशा टोकाला नेला, की अखेर खेळणारा थकला नाही, यंत्रच थांबले. २१ डिसेंबर २०२३ रोजी, सुमारे अडतीस मिनिटांच्या डावानंतर, पडद्यावरील चित्र गोठून गेले. हा खेळ त्या यंत्रासाठी १९८९ साली बाजारात आला होता. त्यानंतरच्या चौतीस वर्षांत संगणकाच्या आज्ञावलीने हे साधले होते. माणसाला ते प्रथमच साधले.

ही बातमी देताना एका ब्रिटिश वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने त्या मुलाला आईच्या नात्याने सल्ला दिला. पडद्यापासून दूर हो, बाहेर जा, मोकळी हवा घे. टेट्रिसवर मात करणे हे काही आयुष्याचे ध्येय नव्हे, असा त्याचा आशय होता. या उद्गारांवर पुष्कळ टीका झाली. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, बातमी वाचून प्रस्तुत लेखकाच्या मनात आलेला पहिला विचार याहून फारसा वेगळा नव्हता. वर्गात बाकाखाली भ्रमणध्वनी धरून बसणारी मुले ज्याला रोज दिसतात, त्या शिक्षकाला दुसरे काय सुचणार? तथापि अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला आणखी एक सवय असते. जेथे श्रम दिसतात, तेथे त्या श्रमांचे मूल्य कोणी निर्माण केले आणि ते कोणाच्या पदरात पडले, हे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. टेट्रिसच्या बाबतीत हा प्रश्न विचारू लागले, की करमणुकीच्या सदरात टाकलेली एक गोष्ट मालमत्तेच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण होऊन समोर येते.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पडद्यावर दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच अशी एक विहीर असते. वरून एकेक ठोकळा खाली येतो. प्रत्येक ठोकळा चार चौकोन कडेला कड जोडून बनविलेला. असे सातच आकार होतात. खेळणाऱ्याने ठोकळा डावी-उजवीकडे सरकवावयाचा, हवा तर फिरवावयाचा आणि तळाशी बसवावयाचा. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. फट राहिली की ओळ तशीच राहते आणि ढीग वर चढतो. ढीग तोंडाशी आला की डाव संपला. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात जत्रेत, स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडे, भेटवस्तूंच्या दुकानात ‘ब्रिक गेम’ या नावाने जे हातात मावणारे राखाडी पडद्याचे यंत्र मिळे, त्यात मुख्य खेळ हाच होता. त्यावर ९९९९ खेळ असल्याची छापील ग्वाही असे आणि आत मोजून दहा-बारा निघत. माझ्या हाती जे आले होते त्यावर ना निर्मात्याचे नाव होते, ना कोणत्या परवान्याचा उल्लेख. हा खेळ कोणीतरी शोधून काढला असेल, त्याचा कोणी धनी असेल, ही शंकाही त्या वयात आम्हांला शिवली नाही.

मॉस्कोतील धनी

तो शोधणारा मॉस्कोत होता. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाझित्नोव हे संशोधक कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वाणीची ओळख या विषयांवर काम करीत. पाच चौकोनांच्या बारा आकारांचे, पेटीत नीट बसवावयाचे एक कोडे त्यांच्या आवडीचे होते. अशा चौकोनी आकृत्यांचे गणित सॉलोमन गोलोम्ब या अमेरिकी गणितज्ञाने १९५३ पासून मांडले होते. पाझित्नोव यांनी पाचाचे चार केले, पेटीची विहीर केली आणि १९८४ साली ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या संगणकावर खेळ उभा केला. त्या संगणकाला चित्रे काढता येत नसत, केवळ अक्षरे उमटत. म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवावे लागले. चार या अर्थाचा ग्रीक उपसर्ग आणि त्यांचा आवडता टेनिस, यांच्या संधीतून नाव सिद्ध झाले. पुढे दिमित्री पाव्लोव्स्की हे सहकारी आणि वादिम गेरासिमोव हा सोळा वर्षांचा विद्यार्थी यांच्या साहाय्याने खेळ आयबीएमच्या संगणकावर आला, आणि चकत्यांवरून नकला होत होत मॉस्कोभर पसरला. यात कोणी कोणाला एक कोपेकही दिला नाही. द्यावयाचा तरी कोणाला? सरकारी संस्थेत, सरकारी यंत्रावर, सरकारी वेतन घेणाऱ्या माणसाने केलेली ती वस्तू होती. पाझित्नोव यांनी खेळाचे हक्क दहा वर्षांसाठी अकादमीच्या स्वाधीन केले.

१९८६ साली हा खेळ हंगेरीतील एका संस्थेत रॉबर्ट स्टाइन या लंडनच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीस पडला. त्याने मॉस्कोला टेलेक्स पाठविला. पाझित्नोव यांचे उत्तर गेले ते सौजन्याचे, व्यवहाराला अनुकूल असे. स्टाइनने त्यालाच संमती मानले आणि रीतसर करार होण्यापूर्वीच हक्क पुढे विकून टाकले. ब्रिटनमध्ये ते रॉबर्ट मॅक्सवेल या वृत्तपत्रसम्राटाच्या मिररसॉफ्ट कंपनीकडे गेले. तेथून पोटहक्क, पोटहक्कांचे पोटहक्क अशी साखळी लांबत जाऊन अमेरिकेत अटारी गेम्सच्या टेंगेन कंपनीपर्यंत आणि जपानात हेंक रॉजर्स या धडपड्या व्यावसायिकापर्यंत पोहोचली. सातबारा न पाहता विकलेल्या जमिनीसारखा हा व्यवहार होता. प्रत्येकाजवळ आधीच्याने दिलेला कागद होता. मूळ धन्याची सही मात्र कोणाजवळच धडपणे नव्हती.

फेब्रुवारी १९८९ मध्ये हे सारे एकदम उघडकीस आले. सोव्हिएत संगणक-आज्ञावलींच्या आयातनिर्यातीचा कारभार पाहणारी ‘एलोर्ग’ ही सरकारी संस्था. तिचे अधिकारी निकोलाय बेलिकोव यांच्यासमोर एकाच आठवड्यात तिघेजण स्वतंत्रपणे येऊन बसले: स्टाइन, मॅक्सवेल यांचे चिरंजीव केव्हिन आणि हेंक रॉजर्स. रॉजर्स यांनी मोठ्या उत्साहाने जपानात विकला जात असलेला आपला खेळाचा संच दाखविला. बेलिकोव चकित झाले. दूरचित्रवाणीला जोडावयाच्या यंत्रांचे हक्क आपण कधी कोणाला दिलेच नव्हते, असे त्यांचे म्हणणे पडले. रॉजर्स यांनी विकल्या गेलेल्या संचांचे स्वामित्वधन तेथल्या तेथे देऊ केले. आणि येथून पारडे फिरले. २०२३ साली या प्रकरणावर जो चित्रपट निघाला, त्यातील मोटारींचा पाठलाग काल्पनिक आहे. खरा थरार एका वाक्यात होता, आणि ते वाक्य कराराच्या मसुद्यात होते.

बेलिकोव यांनी स्टाइनपुढे सुधारित करार ठेवला. त्यात ‘संगणक’ या शब्दाची व्याख्या घातलेली होती: प्रक्रियक, पडदा, चकतीचालक, कळफलक आणि चालक-आज्ञावली यांनी युक्त ते यंत्र म्हणजे संगणक. स्टाइनचे लक्ष पैशाच्या कलमांवर होते. त्याने सही केली. ज्या घरगुती खेळयंत्रांना कळफलक नव्हता आणि चकतीचालक नव्हता, ती या एका व्याख्येने कराराबाहेर पडली. त्यांचे हक्क आपोआप मूळ धन्याकडे राहिले. मार्च १९८९ मध्ये एलोर्गने ते निन्टेन्डोला दिले. मॅक्सवेल यांनी मॉस्कोतील सर्वोच्च पातळीपर्यंत तक्रार नेली, तरी बेलिकोव बधले नाहीत.

करारांच्या अर्थशास्त्राबद्दल ऑलिव्हर हार्ट यांना २०१६ चे नोबेल विभागून मिळाले. कोणताही करार भविष्यातील सर्व शक्यता टिपू शकत नाही. न टिपलेल्या शक्यतांवर निर्णय घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे उरतो तोच खरा मालक, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. पदव्युत्तर वर्गाला हे समजावताना कारखाने आणि खाणी यांचीच उदाहरणे देण्याचा प्रघात आहे. परंतु बाजार म्हणजे काय याचा अनुभव नसलेल्या राजवटीतील एका अधिकाऱ्याने, बाजारात मुरलेल्या तीन व्यापाऱ्यांना उरलेल्या अधिकाराचा जो धडा दिला, त्याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

प्रकरण अर्थात न्यायालयात गेले. टेंगेनने मे १९८९ मध्ये आपला टेट्रिस दुकानांत आणलाही होता. निन्टेन्डोचे यंत्र हाही एक संगणकच आहे, असा त्यांचा युक्तिवाद. आणि तो अगदीच पोकळ नव्हता, कारण जपानात त्या यंत्राचे नावच ‘फॅमिली कॉम्प्युटर’ होते! पण नावाला काय करावयाचे? कागदावर व्याख्या होती. जूनमध्ये कॅलिफोर्नियातील न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी टेंगेनला मनाई केली आणि तो खेळ दुकानांतून उठला. नाण्यासारखा जपला जाणारा तो संच आज जुन्या वस्तूंच्या शौकिनांत फिरतो. जाणकार खेळणाऱ्यांपैकी कित्येकांच्या मते तो निन्टेन्डोच्या संचापेक्षा सरस होता. बाजारात टिकते ते सरसच असते, असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

निन्टेन्डोची खरी चांदी झाली ती दुसऱ्याच एका यंत्रामुळे. ‘गेम बॉय’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र एप्रिल १९८९ मध्ये जपानात आणि जुलैअखेर अमेरिकेत आले. त्याचा पडदा हिरवट, केवळ चार छटांचा. मागे उजेड नाही. खर्च चार सेलचा. त्याचे जनक गुनपेई योकोई यांचे तत्त्वच असे होते, की नव्या कोऱ्या तंत्राच्या मागे न धावता जुने, मुरलेले आणि म्हणून स्वस्त झालेले तंत्र अनपेक्षित ठिकाणी वापरावे. (आपल्याकडील आधुनिकीकरणाच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी हे वाक्य चौकटीत लावण्यास हरकत नाही.) अमेरिकेत यंत्रासोबत टेट्रिस द्यावा असा रॉजर्स यांचा आग्रह होता. मुलगेच गिऱ्हाईक हवे असतील तर निन्टेन्डोचा लाडका मारिओ पुरे. आबालवृद्ध हवे असतील तर टेट्रिस द्या, असे त्यांचे म्हणणे. ते खरे ठरले. गेम बॉयवरील टेट्रिसच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती खपल्या. १९९३ साली अलेक्सांद्र सेरेब्रोव या रशियन अंतराळवीराने तो ‘मीर’ या अंतराळस्थानकावरही नेला होता. आणि इकडे पाझित्नोव यांना? अकादमीतील वेतन. १९९१ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले, त्याच वर्षअखेर सोव्हिएत संघ विसर्जित झाला, आणि १९९६ साली हक्कांची मुदत संपल्यावर रॉजर्स यांच्या सहकार्याने त्यांनी कंपनी काढली तेव्हा कुठे त्यांच्या खेळाची कमाई त्यांच्या घरी येऊ लागली.

दांडीची वाट पाहणे

मालकीची कथा येथे संपते, असे वाटेल. परंतु हा खेळ टिकला तो मालकांमुळे नव्हे. गेली कित्येक वर्षे चकचकीत नव्या आवृत्त्या निघत असताना १९८९ च्या, आठ बिटांच्या, एकदाच बनलेल्या आणि पुन्हा दुरुस्त न झालेल्या संचावर माणसे खेळत राहिली, स्पर्धा भरवीत राहिली. याचे कारण त्या संचाच्या कंजूष नियमांत आहे.

त्यातील गुणांचा तक्ता पाहा. एका वेळी एक ओळ पुरी केली तर ४० गुण, दोन केल्या तर १००, तीन केल्या तर ३००. आणि चारही ओळी एकदम पुऱ्या केल्या तर १२००. (पातळी वाढेल तसे हे आकडे त्या प्रमाणात वाढतात.) म्हणजे एकेक करून चार ओळी पुऱ्या करणाऱ्याला १६० गुण, आणि थांबून चारही एकदम उडविणाऱ्याला त्याच्या साडेसातपट. परंतु चार ओळी एकदम उडविणे फक्त एकाच आकाराला शक्य आहे: चार चौकोनांच्या सरळ दांडीला. त्यासाठी विहिरीच्या एका कडेला एका घराची उभी फट मोकळी ठेवून बाकीचे रचत राहावे लागते. दांडी आली तर भाग्य. न आली तर ढीग डोक्याशी येतो.

आणि दांडी केव्हा येईल हे सांगता येत नाही. जुन्या संचात पुढचा ठोकळा जवळजवळ चिठ्ठी काढल्यासारखा ठरतो. लागोपाठ तोच आकार येण्याची शक्यता तेवढी कमी केलेली आहे, अठ्ठाविसात एक. या नियमानुसार हिशेब केला तर पुढच्या वीस ठोकळ्यांत एकही दांडी न येण्याची शक्यता शंभरांत सुमारे तीन निघते. शंभरांत तीन म्हणजे थोडी वाटते. पण एका लांब डावात शेकडो ठोकळे पडतात, तेव्हा असा प्रसंग येणारच. खेळणारे त्याला दुष्काळ म्हणतात, हा शब्द मी पदरचा घातलेला नाही. वीस ठोकळे म्हणजे ऐंशी चौकोन, म्हणजेच आठ ओळींचा ऐवज. तेवढा काळ फट राखून ठेवावयाची, की चार पैसे कमी घेऊन ती बुजवून टाकावयाची, हा निर्णय दर ठोकळ्याला नव्याने घ्यावा लागतो. पुढचा एकच ठोकळा दिसतो. हातचा एखादा बाजूला ठेवण्याची सोय नाही.

नव्या आवृत्त्यांत कंपनीने हे बदलले. तेथे सातही आकार एका पिशवीत घालून, पिसून, एकामागून एक दिले जातात. पिशवी संपली की दुसरी. त्यामुळे दोन दांड्यांमध्ये जास्तीत जास्त बाराच इतर ठोकळे येऊ शकतात. हे शिधावाटप झाले. प्रत्येकाला प्रत्येक वस्तू ठराविक मुदतीत मिळणार, याची शाश्वती. मी शिधावाटपाच्या विरोधात नाही, तांदळाच्या बाबतीत तर मुळीच नाही. परंतु खेळणाऱ्यांनी जी आवृत्ती जपली ती पावसाच्या भरवशावरची, हे नोंदविण्याजोगे आहे. अनिश्चिततेत काय राखून ठेवावे आणि केव्हा सोडावे, हे कौशल्य शाश्वतीच्या राज्यात वाढीला लागत नाही. तृतीय वर्षाच्या वर्गात जोखीम आणि परतावा शिकविताना मी हा तक्ता फळ्यावर लिहितो. रोखता जवळ बाळगण्याची किंमत काय, या प्रश्नाचे इतके चटकन उत्तर मुलांना पाठ्यपुस्तकातून मिळालेले मी पाहिलेले नाही.

बरे, कितीही कौशल्य असले तरी हा खेळ जिंकता येतो काय? गणित म्हणते, नाही. नागमोडी ठोकळ्यांच्या दोन जाती आहेत, एक डावी आणि एक उजवी. त्याच दोन आलटूनपालटून येत राहिल्या तर कसेही खेळले तरी सत्तर हजार ठोकळ्यांच्या आत डाव संपतोच, असे हाइडी बर्गिएल या गणितज्ञ विदुषीने १९९७ मध्ये सिद्ध केले. निव्वळ चिठ्ठीने ठोकळे येत असतील तर अनंत काळात अशी मालिका कधी ना कधी येणारच. पुढे एमआयटीतील एरिक डीमेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी असेही दाखविले, की येणारे सर्व ठोकळे आधीच ठाऊक असले तरी ते उत्तम प्रकारे कसे रचावेत हा प्रश्न संगणकशास्त्रातील अतिकठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो. केंद्रीय नियोजनावर विश्वास असलेल्या देशात हा खेळ जन्मावा, यातील विनोद नियोजन मंडळावर प्रश्न काढणाऱ्या माझ्या पिढीच्या लक्षात येईल.

एकोणतिसावी पातळी

जुन्या यंत्रावर अनंत काळाची वाट पाहावी लागत नसे. चित्र सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलते. शून्य पातळीवर ठोकळा अठ्ठेचाळीस चित्रांत एक घर उतरतो. एकोणिसाव्या पातळीवर दोन चित्रांत. आणि एकोणतिसाव्या पातळीवर प्रत्येक चित्राला एक घर. म्हणजे वरून तळापर्यंत सेकंदाचा एक तृतीयांश. कंट्रोलरवरील कळ दाबून धरली तर ठोकळा एक घर सरकतो, सोळा चित्रे थांबतो आणि मग दर सहा चित्रांना एक घर जातो. या चालीने तो कडेला पोहोचण्यापूर्वीच तळाला टेकतो. सबब एकोणतिसावी पातळी हा मानवी खेळाचा अंत, असे सर्वांनी गृहीत धरले होते. खेळ बनविणाऱ्यांनी त्याच्या पुढचा विचार केल्याचे दिसत नाही. करण्याचे कारणही नव्हते.

ही भिंत कोणी पाडली? २०११ मध्ये थॉर ॲकरलुंड यांनी कळ दाबून न धरता अंगठा थरथरवीत, सेकंदाला दहाहून अधिक वेळा आपटीत, तिसावी पातळी गाठली. २०१० पासून लॉस एंजेलिसमध्ये आणि नंतर पोर्टलंडमध्ये जुन्या टेट्रिसची जागतिक स्पर्धा भरू लागली होती. तीही काचेच्या नळीच्या जुन्या दूरचित्रवाणी संचांवर, कारण नव्या पातळ पडद्यांवर चित्र किंचित उशिरा उमटते आणि येथे तेवढाही उशीर परवडत नाही. जोनस न्यूबाउअर यांनी ती सात वेळा जिंकली. २०१८ च्या अंतिम सामन्यात सोळा वर्षांच्या जोसेफ साइली याने त्यांना हरविले. अमेरिकेत त्या यंत्राची विक्री १९९५ मध्ये थांबली होती. हा मुलगा त्यानंतर सात वर्षांनी जन्मला. तो शिकला कोठून? इतरांच्या डावांच्या ध्वनिचित्रफितींवरून.

यानंतर आणखी एक पाऊल पडले. २०२० च्या सुमारास ख्रिस्तोफर मार्टिनेझ या खेळाडूने नवी पकड रूढ केली: कळेवर एका हाताचे बोट केवळ टेकवून ठेवावयाचे, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर, बाकावर ताल धरावा तसे, ओळीने टकटक करावयाचे; प्रत्येक टिचकीसरशी कंट्रोलरच बोटावर येऊन आदळतो. ही युक्तीही त्यांना दुसऱ्या एका खेळाडूच्या हातांवरून सुचलेली. कल्पना साधी आहे, पण तीस वर्षे कोणाला सुचली नव्हती. येथे माझ्यातील अर्थशास्त्रज्ञ थांबतो. या पकडीचे एकस्व कोणी घेतले नाही. ती दडवूनही ठेवली नाही. ती सर्वांना दाखविली गेली, शिकविली गेली, आणि दोन-तीन वर्षांत ज्यांनी ती शिकली त्यांनी शिकविणाऱ्यांना मागे टाकले. ज्या खेळाच्या एकेका शब्दासाठी तीन कंपन्या न्यायालयात झगडल्या, त्याच खेळातील सर्वांत मौल्यवान शोध गावच्या पाणवठ्यासारखा सर्वांना खुला राहिला.

तो ओक्लाहोमाचा मुलगा या पाणवठ्यावरचा. त्याच्या डावात एकोणतिसावी पातळी हा केवळ आरंभ होता. १३८ व्या पातळीपासून यंत्राचे रंग बिघडू लागतात. रंगांची सारणी फक्त दहा पातळ्यांची असल्याने आज्ञावली पुढे स्मृतीतील भलतेच आकडे रंग समजून वाचू लागते. दोन पातळ्यांवर तर ठोकळे काळोखात जवळजवळ दिसेनासे होतात. हेही कोणी हेतुपुरस्सर योजलेले नाही. १५५ व्या पातळीच्या पुढे गुणांची बेरीज करण्यास यंत्राला इतका वेळ लागू शकतो, की पुढचे चित्र काढण्याची वेळ आली तरी आधीचे काम हातावेगळे झालेले नसते. आणि मग ते गोठते. कोणत्या क्षणी कोणती ओळ पुरी केली असता असे घडेल, याचा अभ्यास इतरांनी आज्ञावली उलगडून, कोष्टके मांडून आधीच केलेला होता आणि तोही सर्वांसाठी ठेवला होता. १५७ व्या पातळीवर त्या मुलाने एक साधी ओळ पुरी केली, आणि यंत्र थांबले. त्या वेळी त्याने १५११ ओळी पुऱ्या केलेल्या होत्या.

निवेदिकाबाईंच्या सल्ल्याकडे परत येतो. मोकळी हवा हवीच. परंतु त्यांच्या सल्ल्यामागे जो हिशेब आहे तो आपलाही आहे, म्हणून त्याची दखल घेणे भाग आहे. ज्याच्यातून पगार, पदवी किंवा नफा निघत नाही ते श्रम म्हणजे वेळेचा अपव्यय, असा तो हिशेब. त्या हिशेबाने अकादमीचे यंत्र खेळासाठी वापरणारा पाझित्नोवही वेळच घालवीत होता. आणि स्टाइन, मॅक्सवेल, टेंगेन ही मंडळी मात्र उत्पादक कामात गुंतलेली होती. ठोकळ्यांत एकाचीही भर न घालता! राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेमोडीत साडेतीन कोटी प्रती येतात, वकिलांची शुल्के येतात. पाठीवर टकटक करण्याची ती युक्ती कोठेही येत नाही. आपल्या महाविद्यालयांत बुद्धिबळाच्या पटाला प्राध्यापकांच्या दालनात मानाची जागा असते आणि व्हिडिओ गेम खेळणाऱ्याच्या पालकांना बोलावून घेतले जाते. मीही तसे बोलावणे एकदा धाडले आहे. तो मुलगा काय खेळत होता, हे विचारावयाचे मात्र मला तेव्हा सुचले नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एक मजल मारली गेली. मायकेल आर्टियागा या सोळा वर्षांच्या खेळाडूने, यंत्र गोठू नये एवढीच दुरुस्ती केलेल्या आवृत्तीवर, २५५ वी पातळी पार केली. आठ बिटांत २५५ च्या पुढचा अंक मावत नाही. पातळी पुन्हा शून्य झाली. मूळचे रंग परत आले, आणि जो ठोकळा इतका वेळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात तळ गाठीत होता, तो आता वरून खाली येण्यास सोळा सेकंद घेऊ लागला. मुलाचे हात कंट्रोलरवर होते. तो पुढे खेळू लागला.